हळद्याचा नमस्कार

मला एका जागी बसवत नाही. पायाला भिंगरी लागलीय, असं आई म्हणते. आठवडाभर लोणावळ्याच्या दवाखान्यात कुत्र्यामांजरांच्या मागे धावल्यावर रविवारी माणसाने झोपावं की नाही? पण मी आपली सकाळीच स्कूटी काढते आणि कुठेतरी निघते. कुठे जायचं ते रस्त्यात ठरतं.

त्या रविवारी कुरवंड्याकडे निघाले. श्रावण सरत आला होता आणि धुकं असं दाटलेलं, की पुढच्या गाडीचा लाल दिवासुद्धा पुसटच दिसत होता. गावाच्या टोकाला खंडोबाचं छोटंसं देऊळ आणि त्याला खेटून चहा-भज्यांची टपरी. नागफणीचा कडा चढायला जाणारी पोरं तिथे हमखास थांबतात. आपणही चहा घ्यावा म्हणून मी गाडी लावली, तर देवळापुढे ही गर्दी!

"थांबा, थांबा... आता घालेल बघा... घातला!"

मोबाईल उंच धरून टपरीवरचा मुलगा ओरडत होता. डोक्यावर प्लास्टिकची पिशवी टोपीसारखी चढवलेली आणि तरीही रुबाब असा, की जसा काही फेटाच बांधलाय. मी घुसत घुसत पुढे गेले. देवळाच्या पायरीसमोर एक पिवळसर गावठी कुत्रा होता. पुढचे पाय लांब पसरलेले, छाती जमिनीला टेकलेली, मागचा भाग वर. देवाला नमस्कार घालावा तसा. बायकांनी हात जोडले. एका काकांनी डोळे पुसले आणि पेढा पुढे केला.

मी काकांचा हातच धरला. "देऊ नका त्याला."

"अहो, प्रसाद आहे."

"तो नमस्कार घालत नाहीये. पोट दुखतंय त्याचं."

 पिशवीच्या टोपीवाला हसला. मला राग आला... आणि हसताना त्याच्या डाव्या गालाला खळी पडते हेही दिसलं. दोन्ही एकदमच झालं, त्याला माझा इलाज नव्हता.

"मॅडम, हा हळद्या. जेवण झालं की रोज देवाला नमस्कार घालतो. अख्ख्या मावळात असं दुसरं कुत्रं दाखवा."

"जेवल्यावरच ना? मग जेवल्यावरच दुखतंय. पोटाला ताण देऊन बरं वाटतंय का बघतोय तो."

"तुम्ही डॉक्टर?"

"नर्स. जनावरांच्या दवाखान्यात."

"कुत्र्यांना नर्स असते?" त्याने अगदी मनापासून विचारलं. "मग आम्ही माणसांनी काय घोडं मारलंय?"

पोरं खिदळली. मी लक्ष न देता खाली बसले. हळद्याच्या पोटाखाली हळूच हात नेला, तर त्याने अंग चोरलं. पोट फळीसारखं घट्ट. तो सारखा ओठ चाटत होता, तोंडातून लाळ गळत होती.

"ओकतो का?"

"अधूनमधून. गवत खातो नि ओकतो. कुत्रंच आहे, मॅडम."

"आणि लोक काय काय घालतात?"

"भजी, बटर लावलेलं कणीस, पेढे... लोक प्रेमाने देतात, नाही कसं म्हणणार?" बोलता बोलता त्याचा आवाज जरा उतरला.

तेवढ्यात देवळातून एक म्हातारबा बाहेर आले. कपाळभर भंडारा, खांद्यावर घोंगडी. "काय झालं रं सत्यम?"

"आबा, ह्या म्हणतात हळद्या नमस्कार घालत नाही. त्याचं पोट दुखतंय."

आबांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "खंडोबाचं कुत्रं हाय ते. पिल्लू व्हतं तवापास्नं या पायरीवर निजतंय. त्याला देव कळतो. तू कुनाची गं? आडनाव काय तुजं?"

हा प्रश्न आमच्याकडे कशासाठी विचारतात ते सगळ्यांनाच ठाऊक असतं. मी सुदुंबऱ्याची. वडील कंपनीत कामाला, घरात दर्शनी भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध. आडनाव लपवावं असं मला कधी वाटलं नाही. पण त्या वेळी डोकंच फिरलं.

"माझं आडनाव याला लागणार नाही, आबा. याला सलाईन लागेल."

सत्यम फस्सकन हसला आणि आबांकडे बघून लगेच गंभीर झाला. मी त्याला दवाखान्याचा पत्ता सांगितला, माझा नंबर दिला, आजच आणा म्हणून बजावलं आणि चहा न घेताच निघाले.

तो आला नाही, त्याचा फोनही नाही. संध्याकाळपर्यंत मी खोलीतल्या खोलीत येरझाऱ्या घालत होते. फोन उचलायचा, ठेवायचा. धुतलेले कपडे परत धुतले. कुत्र्याची काळजी होती हो, दुसरं काही नाही... असं मी स्वतःलाच बजावत होते.

सोमवारी दवाखाना उघडायला गेले तर तो पायरीवर बसलेला. मुसळधार पाऊस, आणि त्याचा रेनकोट हळद्याभोवती गुंडाळलेला. स्वतः नखशिखांत भिजलेला. पिशवीची टोपी नव्हती, रुबाबही नव्हता.

"रात्रभर ओकतोय," एवढंच म्हणाला. "पाणीसुद्धा ठरत नाही. सिस्टर, मला काही कळलं नाही हो... त्याला दुखत होतं आणि मी व्हिडिओ काढत होतो."

 रेनकोटासकट हळद्याला उचलून टेबलावर घेतलं.

आमच्या राजेश्वरी मॅडमनी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. पॅनक्रियाटायटिस. स्वादुपिंडाला सूज. मॅडमनी सत्यमला सोप्या शब्दांत सांगितलं, की पोटात अन्न पचवणारा रस तयार करणारी एक ग्रंथी असते. कधी तेलातुपाच्या माऱ्याने, कधी कारण न कळताही ती सुजते आणि तो रस आतल्या आतच जाळत सुटतो. "सलाईन, दुखण्याचं औषध, ओकारीचं औषध सुरू करू. बाकी सगळं त्याने खायला लागण्यावर आहे. पोटात अन्न गेलं तर सुधारेल. नाहीच खाल्लं तर... बघू."

मॅडमचं 'बघू' मला चांगलं ठाऊक होतं. दवाखान्यात त्या शब्दाला कुणी पुढे काही विचारत नाही.

मग सुरू झाली आमची शुश्रूषा. पायाला सलाईनची सुई, ती त्याने उपटू नये म्हणून लक्ष. अंगाखाली जाड गोधडी, थोड्या थोड्या वेळाने कूस बदलायची. रंग परततो का म्हणून हिरड्या दाबून बघायच्या, ओल्या कापसाने पुसायच्या. श्वास, ताप, पोटाचा घट्टपणा. सत्यम हलायला तयार नव्हता. टपरी आबांवर, म्हणजे त्याच्या आजोबांवर, सोडून तो रोज सकाळी हजर व्हायचा आणि भिंतीला टेकून बसायचा. मला शेजारी कुणी बसलं की काम सुचत नाही. त्याच्या बाबतीत तर हातातलं थर्मामीटर कुठे ठेवलं तेही आठवेना.

"कानाला लावलंय," तो म्हणायचा.

"पेन आहे ते."

"मग थर्मामीटर खिशात."

खिशातच असायचं. मी उगाचच खेकसायचे, "तुम्ही कुत्र्याकडे बघा."

"त्याच्याकडे बघायला तुम्ही आहात की."

मला हसू यायचं आणि मी पाठ वळवायचे. पाठमोरी असताना तो बघतोय हे मानेला बरोब्बर कळायचं.

त्याला मी दुखणं ओळखायला शिकवलं. कान मागे गेले, डोळे बारीक झाले, पाठ कमानीसारखी झाली, हात लावू देईना, की समजायचं दुखतंय. तो लक्ष देऊन ऐकायचा. एकदा म्हणाला, "माणसांचंही कळतं का असं?"

"माणसं खोटं बोलतात."

"तोंडाने. पण कान?" आणि त्याने माझ्या कानांकडे पाहिलं. माझे कान तापले होते. बाहेर पाऊस, आत सलाईनची टपटप... आणि मी उठून उगीचच कपाट आवरायला लागले.

औषधांनी हळद्याची ओकारी थांबली, दुखणं कमी झालं. पण खाईना. भाताची पातळ पेज, त्यात उकडलेल्या चिकनचा बिनचरबीचा तुकडा बारीक करून, कोमट करून पुढे धरायचे. तो तोंड फिरवायचा. ताटली पुढ्यात ठेवून सोडायचीही सोय नाही, अन्नाचा तिटकाराच बसतो. थोड्या वेळाने उचलायची, परत ताजी करायची, परत धरायची. बोटाने ओठाला लावून पाहिलं. गोंजारून पाहिलं. सत्यमने भरवून पाहिलं. काही नाही. दिवसेंदिवस त्याच्या फासळ्या दिसायला लागल्या आणि माझं जेवण तुटलं. डबा तसाच परत न्यायचे.

"आजही नाही खाल्लं तर नाकातून नळी घालू," मॅडम म्हणाल्या. "पण त्याच्या अंगात ताकद राहिली नाहीये, अनघा. फार आशा ठेवू नकोस."

मॅडम आत गेल्या. सत्यम माझ्याकडे बघत होता. काहीतरी बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, तर रडूच आलं. नर्सने पेशंटच्या माणसांसमोर रडायचं नसतं. त्याने रुमाल पुढे केला, मग तो ओला आहे बघून परत खिशात घातला. मला रडता रडता हसू फुटलं.

तेवढ्यात दार ढकलून बजरंग आबा आत आले. खांद्यावर तीच घोंगडी, हातात पितळी डबा.

"उपाशी मारताय व्हय माज्या लेकराला?" ते सरळ हळद्यापुढे मांडी घालून बसले. डब्यात तुपात थबथबलेला शिरा. त्यांनी घास उचलला, कपाळाला लावला आणि म्हणाले, "येळकोट येळकोट, जय मल्हार!"

हळद्याने मान उचलली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. शेपटी एकदा जमिनीवर आपटली. नाक पुढे आलं, जीभ बाहेर आली—

मी झडप घालून डबा ओढला.

"ए पोरी! परसाद हाय तो!"

"आबा, हा शिरा त्याच्या पोटात गेला तर तो मरेल."

"त्याला भूक लागलीय, दिसत न्हाई का तुला?"

"दिसतंय! म्हणूनच..." माझे हात थरथरत होते. आबांचा चेहरा लाल झाला होता. सत्यम आमच्या दोघांच्या मध्ये उभा, काय करावं ते त्याला कळेना. हळद्या मात्र डब्याकडे बघतच नव्हता. तो आबांच्या रिकाम्या हाताकडे बघत होता.

"आबा," मी विचारलं, "तुम्ही रोज असंच भरवता त्याला?"

"रोज म्हंजे? पयला घास त्याचा. येळकोट म्हनल्याबिगर त्यो तोंड लावत न्हाई. ल्हानपनापास्नं सवय हाय त्याला."

हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं! मी सत्यमकडे वळले.

"मी... मी टपरीवर भजी टाकत असतो हो सकाळी," तो चाचरला. "दिवसभर तर लोकांच्या हातचं खायचा. ताटातलं आबाच बघतात."

लोकांच्या हातचं त्याने हावरटपणाने खाल्लं होतं, बरा होता तोवर. पण आजारपणात जीव घाबरल्यावर त्याला फक्त आपल्या माणसाचा हात आणि तो रोजचा शब्द हवा होता. मी धावत जाऊन पेजेची वाटी आणली, आबांच्या पुढ्यात ठेवली आणि हात जोडले. खरंच जोडले.

"आबा, प्रसाद समजून हे भरवा. म्हणा ना परत."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. वाटीकडे पाहिलं. पेज अगदीच पांचट दिसत होती. मग त्यांनी दोन बोटांवर थोडी घेतली, कपाळाला लावली.

"येळकोट येळकोट, जय मल्हार."

हळद्याने बोटं चाटली. परत चाटली. मग चक्क तोंड पुढे केलं.  थोडी पेज पोटात गेल्यावर मी हात धरून थांबवलं, एकदम जास्त नको म्हणून. आबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते घोंगडीने पुसत म्हणत होते, "लय भंडारा गेला बग डोळ्यात."

मी मोरीत जाऊन हात धुतले, खूप वेळ धुतले. बाहेर आले तर सत्यम दारात उभा.

"सिस्टर..."

"काय?"

"काही नाही. आज डबा खा तुमचा."

नंतर थोड्या थोड्या वेळाने भरवायचं होतं आणि आबांना टपरी सोडून सारखं येता येईना. दुपारी सत्यम औषधं आणायला गेला होता. आजूबाजूला कुणी नाही बघून मी पेजेचं बोट माझ्या कपाळाला लावलं. आमच्या घरात हे शब्द कुणी कधी म्हटले नव्हते. हळू आवाजात म्हटलं, "येळकोट येळकोट..." हळद्याने संशयाने पाहिलं. जरा जोरात म्हटलं. त्याने चाटलं!

"जय मल्हार राहिलं," मागून आवाज आला. सत्यम दाराला टेकून उभा होता, गालाला ती खळी. "अर्धवट म्हटलेलं चालत नाही त्याला."

"तुम्ही कधी आलात?"

"तुमच्या कपाळाला भात लागला, तेव्हाच."

त्याने बोट पुढे केलं. पुसायला. आणि मध्येच थांबला... मी मागे सरकले नाही, पुढेही झाले नाही. मग त्याने हात खाली घेतला आणि टेबलावरचा कापूस माझ्या हातात दिला.

हळद्या सावरला. कमी तेलाचं खाणं, ठरलेल्या वेळा, कुणी काही घालायचं नाही, सगळं समजावून मी त्याला घरी पाठवलं. सत्यमने मान डोलावली, आभार मानले, रिक्षात बसला आणि गेला. बास. इतकंच.

त्यानंतरचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. जेवणावर वासना नाही. फोन वाजला की दचकायचं, नाही वाजला की चिडायचं. पेशंटची चौकशी करायला फोन करण्यात काय वावगं होतं? काही नाही. पण नंबर काढला की बोट थांबायचं. त्यानेही केला नाही. मॅडम म्हणाल्या, "अनघा, तू पिंजऱ्यातल्या बोक्यापेक्षा जास्त फेऱ्या मारतेस."

शेवटी रविवारी स्कूटी काढलीच. या वेळी कुठे जायचं ते रस्त्यात ठरवावं लागलं नाही.

धुकं तसंच होतं. देवळाजवळ गाडी लावली. समोर हळद्या. पुढचे पाय पसरलेले, छाती जमिनीला, मागचा भाग वर. तोच नमस्कार!

"सत्यम!" मी जिवाच्या आकांताने ओरडले आणि धावले. "कुणी काय घातलं त्याला? कधीपासून असं करतोय? ओकला का?" मी चिखलात गुडघे टेकून त्याच्या पोटाखाली हात घातला. पोट मऊ होतं. तरी माझं बोलणं थांबेना.

"अनघा." सत्यम माझ्याशेजारी उकिडवा बसला होता. पहिल्यांदाच नावाने हाक मारली त्याने. "शेपूट बघा."

शेपूट पंख्यासारखी हलत होती. कान ताठ, डोळे मोठे. हळद्या एकदम उसळला, भुंकला, गोल फिरून परत तसाच वाकला. माझ्याकडे तोंड करून. गळ्यात पुठ्ठ्याची पाटी लटकत होती: 'मला भजी देऊ नका.'

"खेळायला बोलावतोय तुम्हाला," सत्यम म्हणाला. "दुखत असताना तो उसळत नाही. तुम्हीच शिकवलंत ना, नुसतं वाकणं बघायचं नाही, सगळं अंग बघायचं?"

इतकी वर्षं हेच काम करून मला ते दिसलं नव्हतं. भीतीने डोळ्यांवर पडदाच आला होता. मी तिथेच चिखलात बसून हसले, रडले, दोन्ही.

"आता मी सांगू?" तो म्हणाला. "हात थरथरतात. एका जागी बसवत नाही. डबा परत जातो. राजेश्वरी मॅडमना मी रोज फोन करतो, हळद्याबद्दल सांगायला... आणि तुमच्याबद्दल विचारायला. लक्षणं सगळी जुळतात."

"मग... माझ्याशी का नाही बोललात?"

"भीती वाटली. कुत्रं बरं झालं, आता हा कशाला चिकटतो, असं म्हणाल." त्याने मान खाली घातली. "मीही जेवत नाहीये, अनघा. तुम्ही आवडता मला. त्या पेढेवाल्या काकांचा हात धरलात तेव्हापासून. माझा कधी धराल त्याची वाट बघतोय."

मी धरला. चिखलाने भरलेल्या हातानेच. माझ्या हाताचं थरथरणं थांबलं, हे मला आधी कळलं आणि मग त्याला.

"मला पण," मी म्हटलं. "केव्हापासूनच."

"भजी जळली रं!" टपरीतून आबा ओरडले. मग त्यांचं आमच्या हातांकडे लक्ष गेलं. आम्ही उठलो, पण सत्यमने हात सोडला नाही. आबांनी चहाचा ग्लास भरला, संथपणे माझ्यापुढे ठेवला.

"त्या दिशी तू आडनाव सांगितलं न्हाईस."

 सत्यमची बोटं घट्ट झाली.

"आता कशाला लागतंय, आबा?"

"सुदुंबऱ्याला येनार मी, तुज्या बापाला भेटाया. तितं कुनाचं घर म्हनून इचारू? कुत्र्याच्या नर्सचं?"

"ओव्हाळ," मी म्हटलं. नीट, मोठ्याने.

 आबांना कळलं होतं, ते मला दिसत होतं. कढईतलं तेल तडतडत होतं. त्यांनी झारा बाजूला ठेवला, बोट शेजारच्या डबीतल्या भंडाऱ्यात बुडवलं आणि थांबले.

"तुमच्यात चालतं का गं कपाळाला लावलेलं?"

"आमच्यात लावत नाहीत, आबा," मी म्हटलं. "पण तुम्ही विचारलंत, हे खूप झालं."

आबांनी मान हलवली आणि ते बोट स्वतःच्याच कपाळाला पुसलं. "बरं. मग घराची खूण सांग. आनि चहा घे आधी, मागल्या टायमाला तशीच गेलीस."

मी आमच्या गल्लीची खूण सांगितली. हळद्या तोवर माझ्या पायाशी येऊन परत वाकला होता, शेपूट हलवत. मी बाकावर बसले आणि सगळा चहा संपेपर्यंत एकदाही उठले नाही.